अँटेनाच्या पलीकडची भाषा

ग्लायडरला इंजिन नसते, म्हणून त्याचा मार्ग हवा ठरवते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा स्तंभ वर चढतो. वैमानिक त्याला थर्मल म्हणतात. त्या स्तंभात गोल फिरत ग्लायडर उंची कमावते आणि ती उंची खर्च करत पुढचा स्तंभ गाठते. आल्प्ससारख्या पर्वतात कड्याला धडकून वर वळणाऱ्या वाऱ्याचाही आधार असतो, पण त्याचा पट्टा अरुंद असतो. त्यामुळे अफाट आकाशात विखुरलेली असावीत असे वाटणारी ही याने प्रत्यक्षात मोजक्या जागी दाटीवाटीने उडतात. एका थर्मलमध्ये पाच-दहा ग्लायडर एकाच वेळी घिरट्या घालतात, तर एकाच कड्यालगत समोरासमोर येतात. इथे नियम एकच, पाहा आणि टाळा. थर्मलमध्ये पहिल्याने ज्या दिशेने फिरायला सुरुवात केली, त्याच दिशेने इतरांनी फिरायचे, हा संकेतही त्यातूनच आला. पण डोळ्यांना मर्यादा आहेत. ऑस्ट्रेलियाच्या विमान अपघात तपास विभागाने १९९१ साली ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मांडलेली अडचण शरीररचनेशी निगडित आहे. धडकेच्या मार्गावर असलेले यान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठे होते. आपला डोळा मात्र मुख्यतः हालचाल टिपतो. त्यात ग्लायडर पांढरे, समोरून पाहिले तर पात्यासारखे बारीक, आणि मागे बर्फ किंवा ढग. ताशी दीडशे किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन ग्लायडर एकमेकांकडे सेकंदाला त्र्याऐंशी मीटर सरकतात. दीड किलोमीटरचे अंतर त्यांना अठरा सेकंदांत संपते.

मोठ्या विमानांसाठी या संकटावर उपाय निघाला, पण त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने धडकून १२८ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून धडक टाळणाऱ्या यंत्राचा शोध सुरू झाला, आणि त्यातून टीकॅस ही प्रणाली उभी राहिली. भारतीय वाचकाला याच मालिकेतली १२ नोव्हेंबर १९९६ ही तारीख विसरता येणार नाही. त्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने धडकली आणि ३४९ माणसे गेली. आकाशातल्या धडकांपैकी ती आजवरची सर्वांत भीषण ठरली, आणि तिच्यानंतर आपल्याकडेही अशी यंत्रणा सक्तीची झाली. टीकॅसची एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवायला हवी. तिचे तांत्रिक मानक प्रसिद्ध आहे. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलते, कारण बोलायचे काय आणि कसे, हे दोघांच्याही बाहेर, सर्वांसमोर ठरलेले असते. ग्लायडरला मात्र ही प्रणाली उपयोगी नव्हती. इंजिनाच्या बळावर हुकमी वर चढू शकणारे विमान तिने गृहीत धरले आहे, आणि थर्मलमध्ये जवळजवळ फिरणाऱ्या यानांत ती सतत इशारेच देत राहिली असती. वीजही तितकी नव्हती. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात एक व्यावसायिक जेट आणि एक ग्लायडर धडकले. ग्लायडरमध्ये टीकॅसच्या विचारणीला उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डर होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवलेला होता, म्हणून जेटमधल्या टीकॅसला समोर काही आहे हे कळलेच नाही. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, जेटही जमिनीवर सुखरूप आले, आणि कोणाचाही जीव गेला नाही. बोध मात्र स्पष्ट होता. छोट्या बॅटरीच्या यानासाठी वेगळे यंत्र हवे होते.

ते यंत्र त्याआधीच, २००४ साली, स्वित्झर्लंडमध्ये जन्मले होते. त्याचे नाव फ्लार्म, म्हणजे ‘फ्लाइट’ आणि ‘अलार्म’ या दोन शब्दांची जोड. स्वतः ग्लायडर उडवणाऱ्या मोजक्या अभियंत्यांनी ते बनवले, आणि त्यांनी समस्येचे मूळ बरोबर ओळखले होते. हे यंत्र जीपीएसवरून आपली जागा आणि वायुदाबावरून उंची घेते, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठे असू याचा अंदाज बांधते आणि तो साधारण दर सेकंदाला रेडिओवरून प्रसारित करते. आसपासची यंत्रेही तेच करतात. मग प्रत्येक यंत्र दुसऱ्यांचे अंदाजित मार्ग आपल्या मार्गाशी ताडून पाहते, आणि ते एकमेकांना छेदणार असतील तेव्हाच इशारा देते. ग्लायडर वळत आहे की सरळ जात आहे, हे त्या अंदाजात धरलेले असते, म्हणून थर्मलमध्ये शेजारी शांतपणे फिरणारा सोबती धोका ठरत नाही. युरोपात ही यंत्रे ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात बोलतात. तिथे प्रसारणाची शक्ती काही मिलिवॅटच असते, म्हणून ग्लायडरच्या छोट्या बॅटरीवर ते दिवसभर चालते. मानके ठरवणाऱ्या मोठ्या संस्थांनी ज्या गरजेकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले नव्हते, ती एका लहानशा कंपनीने भागवली. पुढे युरोपातील बहुतेक ग्लायडरांत हे यंत्र दिसू लागले. फ्लार्मवर टीका करायची असेल तर आधी हे ऋण मान्य करायला हवे, आणि या प्रस्तावनेतला युक्तिवाद ते मान्य करूनच पुढे जातो.

वादाचे कारण या यंत्राच्या रचनेत आहे. त्यात तीन थर आहेत. पहिला थर यंत्राच्या आतला, म्हणजे मार्गाचा अंदाज कसा बांधायचा आणि इशारा केव्हा द्यायचा हे ठरवणारे गणित. दुसरा थर यंत्र आणि कॉकपिटमधला पडदा यांच्यातला. तिसरा थर एका ग्लायडरमधले यंत्र दुसऱ्या ग्लायडरमधल्या यंत्राशी रेडिओवरून जे बोलते त्याचा. यांपैकी दुसऱ्या थराची भाषा कंपनीने उघड केली. त्यामुळे एक्ससीसोअरसारखे मुक्त नेव्हिगेशन सॉफ्टवेअर आणि इतर अनेक उत्पादकांचे पडदे फ्लार्मची माहिती दाखवू शकतात, आणि यातून कंपनीचे नुकसान झाल्याचे दिसत नाही. उलट यंत्राचा उपयोग वाढला. तिसरा थर मात्र मालकीचा राहिला. रेडिओवरचे संदेश कूटबद्ध झाले, आणि ज्याला त्या भाषेत बोलायचे असेल त्याला कंपनीकडून परवाना व तिचे तंत्रज्ञान घेणे भाग पडले. असा परवाना घेऊन अनेक उत्पादकांनी आपली यंत्रे बाजारात आणली हे खरे. पण दार उघडायचे की नाही, हे एकच घर ठरवत होते. माझे म्हणणे असे की ही रेषा चुकीच्या जागी आखली गेली. यंत्राच्या आत जे काही आहे ते निर्मात्याचे असावे. अँटेनातून बाहेर पडून दुसऱ्याच्या अँटेनात शिरणारा संदेश मात्र सामाईक भाषेत असावा, आणि ती भाषा प्रसिद्ध असावी. मालकीची हद्द अँटेनापाशी संपली पाहिजे.

बहुतेक वस्तूंचा उपयोग ती विकत घेणाऱ्याच्या हातात असतो. चांगला पॅराशूट घेतला तर तो घेणाऱ्याला वाचवतो, शेजाऱ्याकडे कोणता आहे याने फरक पडत नाही. धडक टाळणारे यंत्र याला अपवाद आहे. आकाशात ते एकट्याकडेच असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याची सगळी किंमत समोरून येणाऱ्याकडेही तेच आहे का, यावर ठरते. म्हणजे फ्लार्मचे जे मोल आज आहे, ते कारखान्याइतकेच हजारो वैमानिकांनी आणि क्लबांनी मिळून उभे केले आहे. प्रत्येकाने यंत्र बसवून स्वतःबरोबर इतरांचीही सुरक्षा वाढवली. घाटातल्या आंधळ्या वळणावर ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असते. ती सर्व गाड्यांना सारखीच लागू असते, कारण हॉर्न समोरून येणाऱ्याला ऐकू जाण्यासाठी असतो. इंजिन कोणाचे आणि ब्रेक कोणाचे यावर कंपन्यांनी खुशाल स्पर्धा करावी, हॉर्न मात्र सगळ्यांना कळला पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर बिनतारी संदेशयंत्रे आली, तेव्हा मार्कोनी कंपनीने जहाजांवर आपली यंत्रे आणि आपलेच चालक दिले, किनाऱ्यावरची केंद्रेही स्वतःच्या खर्चाने उभारली. आणीबाणीचा प्रसंग वगळता दुसऱ्या बनावटीच्या यंत्रांशी संदेशांची देवाणघेवाण करायची नाही, असे तिचे धोरण होते. कंपनीची बाजू आजच्या वादात ऐकू येते तशीच होती. जाळे आम्ही उभारले, त्यावर दुसऱ्यांनी फुकट का बोलावे? १९०३ साली बर्लिनमध्ये राष्ट्रांची प्राथमिक परिषद भरली. १९०६ साली तिथेच झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवले की यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, किनाऱ्यावरच्या केंद्रांनी आणि जहाजांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत. १ जुलै १९०८ पासून तो करार अमलात आला. मार्कोनी कंपनी त्यामुळे बुडाली नाही, ती पुढेही दशकानुदशके या व्यवसायात अग्रणी राहिली. समुद्रावरची हाक मात्र तेव्हापासून कोणाची खासगी राहिली नाही. आज जहाजे आपली जागा सांगण्यासाठी एआयएस प्रणाली वापरतात. तिचा संदेश आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसिद्ध मानकानुसार, कूटबद्ध न करता जातो.

या भूमिकेवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप न्यायाचा आहे. ज्यांनी धोका पत्करून, पदरचे पैसे घालून वस्तू बनवली, त्यांच्या श्रमाचे फळ ती जगात पसरल्यावर सगळ्यांनी वाटून घ्यायचे का? असे झाले तर पुढच्या वेळी कोणी असे धाडस करेल का? हा प्रश्न मी मनापासून मानतो, आणि त्याचे उत्तर निर्मात्याला बक्षीस नाकारणे असे नाही. बक्षीस कशाचे, एवढेच ठरवायचे आहे. अचूक अंदाज बांधणारे गणित, चांगला रिसीव्हर, कमी खोटे इशारे देणारे यंत्र, सेवा आणि नाव, ही सगळी विकण्याजोगी कमाई आहे. पडद्यापर्यंतची भाषा उघड करूनही कंपनी टिकली, हा तिच्याच घरातला पुरावा आहे. संदेशाच्या मांडणीत पेटंटयोग्य काही असेल, तर ते वाजवी आणि सर्वांना समान दराने देता येते. मोबाइल फोनच्या मानकांत हजारो पेटंटे आहेत आणि ती अशाच अटींवर वापरली जातात. खुले मानक म्हणजे फुकट मानक नव्हे, आणि खुला स्रोत तर मुळीच नव्हे. ते प्रसिद्ध असावे, आणि कोणालाही समान अटींवर त्यानुसार यंत्र बनवता यावे, एवढीच त्याची व्याख्या आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो अधिक जड आहे. भाषा सर्वांना खुली केली तर कोणीतरी स्वस्तातले, चुकीचे यंत्र बनवेल. त्याचा जीपीएस चुकला तर खोटी जागा प्रसारित होईल, त्याचा रेडिओ जास्त वेळ बोलला तर इतरांचे संदेश बुडतील, आणि एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या आकाशाला होईल. एकच निर्माता असला की दर्जा एका हातात राहतो. शिवाय सुधारणा करायची तर ती सगळ्यांकडून एकदम करून घेता येते. मार्च २०१५ च्या अखेरपर्यंत सर्वांनी नवे फर्मवेअर बसवावे असे कंपनीने ठरवले, आणि सगळा ताफा एका तारखेला नव्या संदेशपद्धतीवर गेला. कोणत्याही समितीला हे इतक्या वेगाने साधणे कठीण. यातले खरे ते मान्य करूनही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. दर्जा राखायचा तर तो तपासता आला पाहिजे, आणि जे लिखित स्वरूपात प्रसिद्धच नाही, त्याची तपासणी त्रयस्थ कसा करणार? टीकॅस आणि विमानाची जागा सतत प्रसारित करणारी एडीएस-बी ही यंत्रे अनेक उत्पादक बनवतात. तरीही त्यांचा दर्जा राखला जातो, कारण प्रसिद्ध मानक आणि त्यावर बेतलेली प्रमाणपत्राची परीक्षा तिथे आहे. दुसरी गोष्ट त्याच २०१५ च्या प्रसंगातून दिसते. एका घराच्या निर्णयाने सगळा ताफा बदलू शकतो, तर एका घराच्या अडचणीने सगळा ताफा अडूही शकतो. कंपनी उद्या विकली गेली, बंद पडली, किंवा तिने जुन्या यंत्रांना आधार देणे थांबवले, तर ज्या भाषेवर हजारो वैमानिकांचे जीव अवलंबून आहेत ती सांभाळणार कोण? सुरक्षेच्या यंत्रणेत एकमेव आधार ठेवू नये, हे विमानाच्या रचनेतले पहिले सूत्र. ते संदेशाच्या भाषेलाही लागू व्हायला हवे.

तिसरा आक्षेप कूटबद्धतेच्या बाजूने आहे. संदेश उघड असले तर कोणीही जमिनीवर रिसीव्हर ठेवून वैमानिकाचा माग काढेल, स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखेल, किंवा खोटे संदेश सोडून घबराट उडवेल. खासगीपणाची चिंता खरी आहे, पण हे औषध त्या रोगावर लागू पडत नाही. सर्वांना वाचता यावा म्हणून सोडलेला संदेश कूटबद्ध करायचा, तर त्याची किल्ली प्रत्येक यंत्रात ठेवावी लागते, आणि हजारो यंत्रांत असलेली किल्ली गुपित राहत नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगितले होते की कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये, सुरक्षा फक्त किल्लीच्या गुपितावर टिकली पाहिजे. इथे किल्लीच सगळीकडे वाटलेली होती. हौशी अभियंत्यांनी ती शोधून काढली यात नवल नाही. पुढे टीव्हीचे सिग्नल पकडणाऱ्या स्वस्त यूएसबी रिसीव्हरांतून आणि छोट्या संगणकांतून ओपन ग्लायडर नेटवर्क हे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. आज ते ग्लायडरांच्या जागा नकाशावर दाखवते, आणि एखादे ग्लायडर बेपत्ता झाले तर अशा जाळ्यातली शेवटची नोंद शोधपथकाला दिशा देऊ शकते. खोटा संदेश सोडणाऱ्यालाही ही किल्ली अडवत नाही, कारण किल्ली जाणणारा कोणीही खऱ्यासारखा संदेश बनवू शकतो. संदेश खरोखर त्याच यंत्राचा आहे हे सिद्ध करायला वेगळ्या प्रकारची सही लागते, आणि ती उघड मानकातही बसवता येते. खासगीपणासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहेत. यंत्रात ‘माग काढू नये’ अशी खूण ठेवता येते, स्पर्धेसाठी मर्यादित माहिती देणारी अवस्था ठेवता येते, आणि त्या खुणेचा मान राखणे नियमाने बंधनकारक करता येते. अशा सोयी फ्लार्ममध्येही आहेत आणि ओपन ग्लायडर नेटवर्क ती खूण पाळते. म्हणजे जिथे विश्वास टिकला, तिथे तो गुप्त भाषेमुळे टिकला नाही. ठरलेल्या, सर्वांना माहीत असलेल्या नियमाने टिकला.

चौथा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो. खुलेपणाने एकी येते असे म्हणणाऱ्यांनी आजचे आकाश पाहावे. पॅराग्लायडरांसाठी फॅनेट नावाची प्रसिद्ध पद्धत आहे, ओपन ग्लायडर नेटवर्कची स्वतःची आहे, ब्रिटनमध्ये पायलटअवेअर आहे, मोठ्या विमानांचा एडीएस-बी वेगळ्याच पट्ट्यात आहे. भाषा चार आणि कान निराळे. याउलट ग्लायडरांच्या जगात सगळे एकच भाषा बोलतात, आणि ती एकी मालकीनेच आणली. हे निरीक्षण बरोबर आहे, आणि केवळ कागद प्रसिद्ध केल्याने एकी येत नाही हेही त्यातून शिकायला हवे. पण ही फाटाफूट झाली कशी? ज्यांना त्या एका भाषेत सामील व्हायचे होते आणि अटी परवडत नव्हत्या, त्यांच्यापुढे नवी भाषा बनवणे हाच मार्ग उरला. दार बंद असल्याने भोवती नवी घरे उभी राहिली. म्हणून उपायाला दोन अंगे हवीत, भाषा खुली असावी आणि तिच्यामागे सर्वांना मान्य अशी संस्था असावी. युरोपात तसा प्रयत्न सुरू झाला आहे. ड्रोनसाठी राखलेल्या हवाई क्षेत्रात शिरणाऱ्या मानवचलित यानाने आपली जागा इलेक्ट्रॉनिक रीतीने सतत कळवली पाहिजे, असा नियम युरोपीय संघाने २०२१ साली केला आणि तो जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ही अट स्वस्तात पूर्ण करता यावी म्हणून युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने २०२२ च्या अखेरीस एडीएस-एल नावाचे मानक प्रसिद्ध केले. ते फ्लार्म ज्या परवानामुक्त पट्ट्यात बोलते त्याच भागासाठी आखलेले आहे. त्याचे यश अजून ठरायचे आहे. पण सार्वजनिक संस्थेने छोट्या यानांच्या भाषेची जबाबदारी स्वीकारली, हे २००४ साली घडले नव्हते ते आता घडले.

हा विषय मराठी वाचकापासून दूर नाही. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे, कामशेतच्या डोंगरउतारावरून पॅराग्लायडर उडतात, आणि शेतीपासून मोजणीपर्यंत ड्रोनचा वापर झपाट्याने वाढतो आहे. कमी उंचीच्या आकाशात गर्दी होणार आहे, आणि तिची भाषा आपल्याला निवडावी लागणार आहे. युरोपातले यंत्र जसेच्या तसे आणून चालणार नाही. भारतात अशा कमी शक्तीच्या, परवानामुक्त वापरासाठी २००५ साली मोकळा केलेला पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा होता, तर युरोपात ही यंत्रे त्याच्या जरा वर बोलतात. मानक प्रसिद्ध असेल, तर इथला अभियंता ते वाचून वारंवारता बदलू शकतो, इथली नियामक संस्था ते तपासू शकते, आणि इथला लहान उद्योग क्लबला परवडेल असे यंत्र बनवू शकतो. मानक मालकीचे असेल, तर आपल्या बाजारपेठेचे गणित परदेशातल्या एका घराला पटेपर्यंत वाट पाहावी लागेल.

हे पुस्तक वाचताना वाचकाने पुढच्या प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते. इथे जे गुप्त ठेवले आहे, ते कोणाच्या कौशल्याचे रक्षण करते, की समोरून येणाऱ्याच्या कानाला बूच लावते? पहिल्याला मान द्यावा, दुसऱ्याला विरोध करावा. फ्लार्मच्या निर्मात्यांनी दाखवून दिले की दोन छोटी याने एकमेकांना सावध करू शकतात. त्यांच्या कामाला पूर्णत्व तेव्हाच येईल, जेव्हा तिसरे कोणतेही यान, कोणत्याही कारखान्याचे, कोणत्याही देशाच्या आकाशात, त्याच संवादात विनाअडथळा सामील होईल. समोरासमोर आलेल्या वैमानिकांकडे अठरा सेकंद असतात. तेवढ्या वेळात समोरच्याकडे कोणाचा परवाना आहे, हा प्रश्न उरता कामा नये.